आबासाहेबांची फर्माईश

कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची लांबलचक रांग लागली होती. १९९४ चा हंगाम ऐन भरात होता. केशरबाई आपल्या गाडीच्या सावलीला जरा टेकली, तेवढ्यात चहाच्या टपरीवरच्या रेडिओनं तिच्या लेकीचं नाव घेतलं. गाण्याची फर्माईश करणाऱ्यांची नावं चालली होती. त्यात पाथर्डीकडचं तिचं गाव आलं आणि पाठोपाठ, ‘सविता आणि आबासाहेब.’

नवरा सहादेव पोट धरून हसला. कारण आबासाहेब समोरच गाडीला जुंपलेले होते आणि उसाचं वाढं चघळत होते. नाव ऐकून त्यांनी कानसुद्धा हलवला नाही. येताना घोडेगावच्या बाजारात घेतलेला हा बैल दोनदा विनवल्याशिवाय उठायचा नाही. दिवाळीच्या सुट्टीत सविता कारखान्याजवळच्या कोपीवर, त्यांच्या पाचटाच्या झोपडीत राहायला आली, तेव्हा त्याचा रुबाब पाहून तिनंच हे नाव ठेवलं. परत जाताना त्याच्या गळ्यात पडून रडलीही होती.

केशरबाईला आधी आनंदच झाला. पोरीचं नाव रेडिओवर आलं, थट्टा आहे का? पण कपातला चहा अर्धा टाकून ती उठली. हा बैल गावात कुणी पाहिला होता? गाव आता आबासाहेब नावाचा पोरगा शोधणार, आणि गावानं शोधायचं मनावर घेतलं की पोरगा सापडतोच. सविता अवघी तेरा वर्षांची, चुलत्याकडे राहून सातवीत शिकत होती.

मग केशरबाईचं कशात लक्ष लागेना. मोळी बांधावी तर सुटायची. गावाकडचं कुणी दिसलं की हातातला कोयता टाकून ती रस्त्यावर धावायची. अखेर गोरक्ष नावाचा गावकरी तिथं आला आणि जे नको तेच सांगून गेला. दीर छगननं पुतणीची शाळा बंद केली होती आणि बेस्तरवारी तिला बघायला पाहुणे येणार होते.

सहादेव म्हणाला, निरोप धाडू. निरोप पोचेस्तोवर पोरीला हळद लागेल, असं म्हणून ती नेसत्या लुगड्यानिशी निघाली. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात. ती गेल्यावर सहादेवाचं काम लंगडं पडणार होतं. मुकादमानं आरडाओरडा केला, तो तिनं ऐकून घेतला आणि चालू लागली. एस.टी.त जागा असूनही तिला बसवेना. कंडक्टरनं दोनदा सांगून पाहिलं, मग तो पुढची तिकिटं फाडायला गेला.

घरी पोचली तेव्हा ओसरीवर पाहुण्यांपुढं पोहे आले होते. छगननं तिला बाजूला घेतलं. पोरगी पहिल्या दिवसापासून बैल बैल म्हणत होती, हे त्यानं कबूल केलं.

“पर वैनी, बैल असंल न्हाईतर मानूस. नाव समद्या गावानं ऐकलं. आता ते माघारी घेता येत न्हाई.”

केशरबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. ती तडक पाहुण्यांपुढं जाऊन उभी राहिली.

“पाव्हनं, ज्याच्यासंगं पोरीचं नाव घेत्यात, त्यो माझा बैल हाय. कारखान्यावर गाडी वढतोय. आन पोरगी तेरा वरसाची हाय.”

म्हाताऱ्या पाहुण्यानं बशी खाली ठेवली. “आमास्नी अठरा सांगितलं हुतं.”

“अंगानं थोराड हाय,” छगन पुटपुटला.

“अंगाला इचारून वय सांगत्यात का? मी तिची आई हाय, मला इचारा.”

पाहुणे पोहे टाकून उठले. छगन पुढं कित्येक दिवस वहिनीशी बोलला नाही. केशरबाई मात्र त्या हंगामात कारखान्यावर परतलीच नाही. पोरीला रोज शाळेत पोचवून येई आणि घेऊन येई. सहादेवानं एकट्यानं कसाबसा हंगाम ओढला.

पण ते सगळं नंतरचं. पाहुणे गेले, तेव्हा सविता आतल्या खोलीत चुलतीच्या साडीत आखडून बसली होती. कुणी विश्वास ठेवेना म्हणून तिनं बोलणंच सोडलं होतं. असं चारचौघांत नाव कशाला धाडलंस, म्हणून चांगलं खडसावायचं केशरबाईनं वाटभर घोकलं होतं. ती तोंड उघडणार, तोच सवितानं वर पाहिलं.

“आई, आबासाहेबांनी ऐकलं का गं?”

“ऐकलं तर. लगीच कान टवकारलं त्यानं,” केशरबाई म्हणाली, आणि लेकीच्या अंगावरची साडी सोडायला लागली.