मोठी जाऊ साध्या रांगेत

माझ्या आईचा दात दुखायला लागला की दुसऱ्या दिवशी मोठ्या आईचाही दात दुखायचा. हे मी थट्टेनं सांगत नाही. अलिबागच्या दातांच्या डॉक्टरांनी दोघींना एकाच आठवड्यात तपासलं आणि मोठ्या आईच्या तोंडात दुखण्यासारखं काही सापडेना, तेव्हा तिनं डॉक्टरांनाच खोटं ठरवलं. "तिचा काढलास, मग माझा का न्हाय?" असं म्हणत ती खुर्चीतून उठेना.

मोठी आई म्हणजे वेणूबाई, माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. माझी आई ठमी ही तिची धाकटी जाऊ. किहीमच्या अलीकडे आमचं आगऱ्यांचं गाव आहे. तिथे दोघींची घरं एका भिंतीला लागून. दोघींचे नवरे आता नाहीत आणि दोघींनाही सरकारचं निराधार अनुदान मिळतं. मी नेत्रा, ठमीची मुलगी. तालुक्याला एका दवाखान्यात केसपेपर लिहिते, म्हणजे दिवसभर लोकांना वय विचारते आणि निम्मे लोक ते अंदाजानं सांगतात.

मोठ्या आईला पहिलं राहायची खोड होती. गौरीपुढे ववशाची सुपं ठेवताना तिचं सूप आधी, मग आईचं. कोळीण पाटी घेऊन दारात आली की बोंबलाचा पहिला वाटा तिचा. इथपर्यंत ठीक, थोरल्या सुनेचा मानच असतो. पण आईला वडिलांनी एकदा पेणच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं, तर मोठ्या आईनं नवऱ्याला, बुधाजी काकाला, दुसऱ्याच दिवशी पेणला पिटाळलं आणि तसंच लुगडं, पण काठ दोन बोटं जास्त रुंद, असं आणायला लावलं. आईची तुळस तिच्या तुळशीपेक्षा उंच झाली तेव्हा एका सकाळी ती शेंड्याला खुडलेली दिसली. कुणी खुडली ते विचारायची गरज नव्हती.

आणि एक शब्द होता. आई लग्न होऊन आली तेव्हा म्हणे वीस वर्षांची होती. मोठी आई तिच्या आदल्या वर्षी आली, सतरा वर्षांची. म्हणून मोठी आई माझ्या आईला घोडनवरी म्हणायची. हळदीत, बारशाला, पापड लाटताना, चार बायका जमल्या की हटकून. "आमी कोवल्या आलो बाय या घरात. ही आली घोडनवरी, तयार होऊन." आई हसायची आणि पुढचा पापड लाटायची. मला मात्र लहानपणापासून या शब्दाचा राग होता, आणि आई काहीच बोलत नाही याचा त्याहून जास्त.

खरं सांगायचं तर आई लग्नात सोळाचीच होती. तिच्या माहेरचा ग्रामसेवक कडक होता, म्हणून आजोबांनी चार वर्षं वाढवून सांगितली. तीच मतदारयादीत गेली आणि यादीतून आधारकार्डावर आली. त्यामुळे आज कागदावर ती एकसष्टची आणि खरी सत्तावन्नची. हे आमच्या घरात मला आणि तिलाच ठाऊक होतं, असं मी धरून चालले होते.

तर यंदा दोघींना हयातीचा दाखला द्यायचा होता. आपण अजून जिवंत आहोत हे वर्षातून एकदा तालुक्याच्या कचेरीत जाऊन दाखवावं लागतं. दरवर्षी दोघी सोबत जायच्या आणि रांगेत अर्थातच मोठी आई पुढे, आई मागे. मी सुट्टी घेऊन बरोबर जाते. एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तिथवर सगळं गोडीगुलाबीनं झालं.

कचेरीत नवा फलक लागला होता. ज्येष्ठ नागरिक आणि दिव्यांग यांच्यासाठी प्राधान्य रांग. एक नंबरची खिडकी, तिच्यासमोर लाकडी बाक, वर पंखा, शेजारी पाण्याचा माठ. साठीच्या पुढचे तिथे बसणार, बाकीचे बाहेर व्हरांड्यात उभे. दारावर बाळाजी नावाचा शिपाई. आदल्या आठवड्यात म्हणे चाळिशीची माणसंही म्हातारी होऊन बाकावर बसली आणि मारामारी व्हायची वेळ आली, तेव्हापासून तो प्रत्येकाचं आधारकार्ड डोळ्याजवळ नेऊन वाचत होता.

मोठ्या आईनं कार्ड दिलं. त्यानं वाचलं आणि परत केलं. "एकोणसाठ. तुम्ही व्हरांड्यात."

मग आईचं. "एकसष्ट. बसा आजी."

मोठी आई जागची हलली नाही. "अरे बाबा, मी हिची मोठी जाव हाय."

"घरात असाल मोठ्या. कागदावर बारक्या."

"माझे गुडघे बघ. बारा वर्सं मिठागरात मीठ उचललंय मी. ही कधी खाडीत उतरली पन न्हाय."

"ताई, तुमी बसा, मी उभी ऱ्हाते," आई म्हणाली. बाळाजीला तेही चालेना. एकीचं वय दुसरीला देता येत नाही, म्हणाला. रांगेतले लोक हसले आणि मोठ्या आईचा चेहरा तांबडा झाला.

आईचं काम दहा मिनिटांत झालं. पण मोठीला टाकून जायचं कसं, म्हणून ती बाकावरच बसून राहिली. तिथून तिला व्हरांडा दिसत होता आणि व्हरांड्यातून मोठ्या आईला बाक. अडीच तास मोठी आई भिंतीला टेकून त्या बाकाकडे बघत होती. मधेच कचेरीतल्या कुणीतरी आजीबाई म्हणून आईला चहा दिला. कागदाच्या कपातला, घोटभर. त्या चहाचं नाव मोठी आई अजून काढते. तिचा नंबर येईपर्यंत अंगठ्याचं मशीन बंद पडलं. सोमवारी या, म्हणाले. आईचं कामही अडावं आणि तिलाही सोमवारी बोलवावं, असं मोठ्या आईला तेव्हा मनापासून वाटलं असणार. आणि तसंच झालं. आईचा अंगठा उमटला होता, पण नोंद पुढे गेलीच नव्हती. ते कळल्यावर मोठी आई दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायली.

बाहेर पडताना तिनं फाटकापाशी मला थांबवलं. तिथे नजमुद्दीनचाचांची झेरॉक्सची टपरी आहे. लहानपणी पोलिओनं त्यांचा एक पाय गेलेला, त्यामुळे एक नंबरच्या खिडकीचे ते हक्काचे गिऱ्हाईक.

"चाचा, तो दिव्यांगाचा कागद मला भेटंल?" मोठ्या आईनं विचारलं. "गुडघे लय दुखतात."

"भाभी, त्याच्या बदल्यात पाय द्यावा लागतो," चाचा म्हणाले. "मी दिलाय. तुमचं वय चुकलं असंल तर शाळेचा उतारा आना, ते सस्तं पडंल."

एसटीत बसल्यावर ती आईशी बोलली नाही. घरी जेवली नाही. दोन दिवस भिंतीपलीकडून फक्त भांडी आपटल्याचा आवाज. तिला त्या बाकाची एवढी आग लागली होती की मला हसू येत होतं आणि थोडी दयाही. शेवटी म्हटलं, आणून देऊ उतारा. तिचं माहेर धरमतरच्या खाडीकाठी. दुसरीपर्यंत शिकली होती, शाळा अजून आहे. मी शनिवारी एकटीच गेले. मुख्याध्यापकांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण नाव स्वच्छ. जन्म एकोणीसशे एकोणसाठ.

मी बोटांवर मोजलं, मग मोबाईलवर मोजलं. मोठी आई आज सहासष्टची. म्हणजे लग्नात सतरा नाही, चोवीस. बुधाजी काकाची जन्मतारीख मला मोठ्या आईच्या अनुदानाच्या कागदांवरून पाठ होती, एकोणीसशे एकसष्टची. नवऱ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मी त्या शाळेच्या पायरीवर बसून खो खो हसले. चाळीस वर्षं माझ्या आईला घोडनवरी म्हणणारी बाई! आज घरी जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवते, असं ठरवूनच मी परतीची गाडी धरली.

पण मी घरात शिरले तेव्हा ती एकटीच होती, गुडघ्यांना तेल चोळत. उतारा मी तिच्या पुढ्यात ठेवला. आकडे तिला वाचता येतात. तिनं वाचले आणि आधी दार लोटून घेतलं.

"कुनाला दावलास?"

"कुणाला नाही."

"आय मेली तवा मी बारा वर्साची होते," ती म्हणाली. "तीन भाव पोसले. मीठ उचललं. लगीन करायचं कुनाच्या ध्यानातच न्हाय ऱ्हायलं. मग बघायला आले तर बा म्हनाला, सतरा सांग. सासूला संशय आला, तिनं मला आत नेऊन विचारलं. मी सांगितलं खरं. ती म्हनाली, पोराला सांगू नको, बायको मोठी हाय म्हनून गाव हसंल त्याला. तुझा काका गेला तरी त्याला मी धाकटीच होते."

माझं हसू गेलं होतं. तरी मी विचारलंच. "मग आईला कशाला घोडनवरी म्हणायचीस?"

तिनं बराच वेळ तेलाची वाटी पुसली. "ती आली तवा खरंच कोवली दिसायची. तिचे हात बघितलेस? माझे तवाच असे झाले होते. मला बघवायचं न्हाय." मग उतारा चार घड्या करून तिनं पानाच्या पिशवीत टाकला. "हा कागद दावला तर बाक भेटंल. पन गावातली धा मानसं असतात तिथं. त्याच्या फोटोला हार घालते मी रोज. मेल्यावर गावाला त्याला हसू देऊ?"

सोमवारी आम्ही तिघी पुन्हा गेलो. ती उतारा दाखवणार की नाही, मला माहीत नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं. दारात बाळाजी. आई बाकावर, आज तिथेही रांग, आणि मोठी आई व्हरांड्यात. रांगेत आमच्या गावातल्याच चार बायका पुढे होत्या. तासभर ती उभी राहिली. एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर भार टाकत होती आणि पानाच्या पिशवीवरचा हात काढत नव्हती. मी म्हटलं, राहू दे, आपण पुन्हा येऊ. तिनं ऐकलं नाही, कारण आत कुणीतरी आईसाठी चहा आणला होता.

पुन्हा तोच कागदाचा कप. आईनं तो घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. मोठी आई रांग सोडून निघाली. लंगडत, माणसांना कोपरानं बाजूला करत ती थेट एक नंबरच्या खिडकीशी गेली आणि उतारा उलगडून आत सरकवला.

"वाच बाय," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. सहासष्ट वर्साची हाय मी. ती माझ्यापेक्षा नऊ वर्सांनी बारकी. माझ्या नवऱ्यापेक्षा पन मीच मोठी होते."

नऊ, म्हणजे आईचं खरं वयही तिला ठाऊक होतं; खिडकीत तो हिशोब कुणी केला नाही. व्हरांड्यातल्या आमच्या गावच्या बायका माना उंचावून बघू लागल्या. खिडकीतल्या बाईंनी उतारा वाचला. "बाकावर बसायला चालेल आजी," त्या म्हणाल्या, "पण आधार दुरुस्त करून घ्या." बाळाजीनं वाट दिली.

मोठी आई बाकाशी आली. "सरक."

आई सरकली. मी दोघींच्या मागे उभी होते. मोठ्या आईनं पदरानं तोंड पुसलं, पंख्याकडे एकदा बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "घोडनवरी मी होते, ठमे."

"म्हायती हाय," आई म्हणाली.

"कवापासून?"

"सासूबाय गेल्या तवापासून. शेवटी शेवटी त्याच बोलल्या. पंधरा वर्सं झाली."

"आनि मला बोलू दिलास? पंधरा वर्सं?"

"तुमाला बरं वाटायचं ना, ताई." आईनं तिच्यापुढे कप धरला. "घ्या. तुमच्यासाठीच धरून ठेवला हुता. गार झाला."

मोठ्या आईला मी आयुष्यभर जळताना पाहिलं आहे, लुगड्यावरून, तुळशीवरून, दातावरून. पण त्या क्षणी ती जशी जळली तशी कधीच नाही. लुगडं पेणला मिळालं होतं. हे कुठून आणायचं? तिनं कप घेतला आणि एका घोटात संपवला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिनं चहावर ढकललं. कडू हाय, म्हणाली.

एवढ्यात खिडकीतून हाक आली, "पुढच्या आजी या." आई जागची हलली नाही. "जा ताई. मोठ्या तुमी."

मोठी आई निम्मी उठली होती. ती पुन्हा बसली. "तू जा."

"आसं कसं? तुमचा पयला मान."

"मी देते ना तुला! तू जा आधी. मला पन एकदा मन मोठं करू दे."

"ताई, तुमी उभ्या हुत्या तासभर."

"बघ, बघ. आता ते पन तुलाच पायजे."

दोघी एकमेकींना कोपरानं ढकलत होत्या आणि कुणीच उठत नव्हतं. खिडकीतल्या बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली. तेव्हा बाकाच्या टोकाला बसलेले दिनानाथ मास्तर, वय वर्षं ऐंशी, काठी टेकत उठले, दोघींच्या समोरून गेले आणि आपला अंगठा देऊन मोकळे झाले.

"घे," मोठी आई म्हणाली, "गेला नंबर. तुझ्यापायी."

आई हसली, आणि या वेळी मोठ्या आईनं तिचा हात धरून ठेवला.