स्क्रिप्टला न दिसलेली फंक्शन्स

नारायणगावच्या ज्या छोट्या कंपनीत मी काम करते, तिथे शेतीपंपांचे कंट्रोलर बनतात. त्यांच्या आतला प्रोग्राम बराचसा मी लिहिलेला. शिनोलीला आमच्या विहिरीवरही तोच कंट्रोलर आहे. पाणी तळाला गेलं की मोटार आपोआप बंद होते, आणि ती बंद करणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा तेवढा तुकडा, माझं.

एका सोमवारी मॅनेजरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. कोणी किती काम केलं ते कळावं म्हणून त्यांनी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. ती आम्ही लिहिलेल्या सोर्स कोडमधून स्ट्रक्चर्स, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीचे गट, आणि फंक्शन्स शोधून लिहिणाऱ्याच्या नावापुढे मांडायची. प्रोजेक्टरने भिंतीवर तक्ता उमटला. माझ्या नावापुढे जेमतेम काहीतरी होतं.

"मॅडम, वर्षभर नेमकं काय केलंत?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

माझे कान तापले. मोटार बंद करणारं फंक्शनसुद्धा तक्त्यात नव्हतं. मी म्हटलं, "स्क्रिप्ट बघू द्या."

"बघा की. स्क्रिप्ट काही कोणाची बाजू घेत नाही," असं म्हणून ते पुढच्या नावाकडे वळले.

दुपारी मी ती उघडली. आत एक रेग्युलर एक्स्प्रेशन होतं, म्हणजे मजकुरात ठरावीक साचा शोधणारी ओळ. फंक्शनच्या उत्तराचा प्रकार, त्याचं नाव, कंस आणि उघडणारा महिरपी कंस, सगळं एकाच ओळीत असलं तरच ते फंक्शन म्हणून धरलं जायचं. मी प्रकार वरच्या ओळीत लिहिते आणि नाव खालच्या. झालं, माझी फंक्शन्स गायब. स्ट्रक्चरच्या पोटात दुसरं स्ट्रक्चर असलं, तर पहिला बंद होणारा कंस दिसताच शोध थांबायचा. माझी मोठी स्ट्रक्चर्स मध्येच तुटली होती. आणि शेजारच्या सहकाऱ्याने कॉमेंट करून, म्हणजे नुसती टीप ठरवून, केव्हाच बाद केलेला कोड मात्र चालू कोड म्हणून मोजला गेला होता.

तो सहकारी आणे गावचा, मनाने चांगला. म्हणाला, "ताई, लई मनावर घेऊ नका. सायबांना कुठं एवढं कळतंय."

"कळत नाही तर विचारायचं," मी म्हटलं आणि लॅपटॉप घेऊन मॅनेजरांकडे गेले.

त्यांनी पाहिलं, मान डोलावली. "बरोबर आहे तुमचं. मग तुम्हीही इतरांसारखं एका ओळीत लिहा ना."

म्हणजे शेतात तपासून झालेला कोड मी शोधणाऱ्याच्या सोयीसाठी बदलायचा. मी सरळ नकार दिला. शेवटी स्क्रिप्ट मीच दुरुस्त केली. आधी कॉमेंट काढून टाकल्या, ओळ तुटली तरी साचा जुळेल असं केलं, आणि एकात एक कंस मोजायला वेगळा कोड लिहिला, कारण ते त्या साच्याच्या आवाक्यातलं नव्हतं. माझं काम मोजायचं कामही माझ्याच गळ्यात.

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला : "टूल अपडेट केलं आहे. नवा तक्ता पाहावा." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "सर, जिथे सगळ्यांसमोर विचारलंत, तिथेच चूक झाली होती असं सांगा."

पुढच्या बैठकीत लॅपटॉपवरची नजर न काढता ते म्हणाले, "मागच्या वेळी स्क्रिप्टमध्ये चूक होती. मॅडमचं काम त्यात आलं नव्हतं."

"चूक कोणाची?" मी विचारलं.

"माझी," ते म्हणाले.

त्या दिवशी घरी जाताना एसटीत घोडेगावपर्यंत तेच डोक्यात होतं. साचा कोणाचाही चुकतो, माझाही चुकला असता. पण रोज समोर बसणाऱ्या बाईला आधी विचारून बघावं, हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्याबद्दल ते आजवर एक शब्द बोललेले नाहीत.