वर्षाराणीनं फिरवलेली माशी

ऊसतोड्यांच्या घरात एक नेम पाळतात. दुसऱ्यानं लावलेला कोयता घेऊन फडात उतरायचं नाही. आधी धार बघायची, मूठ आपल्या हाताला बसवायची, मगच उसाला हात घालायचा. केज तालुक्यातली वर्षाराणी याच नेमात वाढली. पुढं पोलीस शिपाई झाली, अंगावर खाकी आली, पण हात ऊसतोड्या शहादेवच्या लेकीचाच राहिला. तिथंच घोटाळा झाला बघा.

जिल्ह्याच्या नेमबाजी संघात एक जागा रिकामी होती आणि ती वर्षाराणीला हवी होती. इतकी, की जेवताना घास हातातच राहायचा. निवड होणार होती तीनशे मीटरवर.

मांजरसुंब्याच्या घाटापलीकडं डोंगराच्या पोटाशी पोलिसांची गोळीबाराच्या सरावाची चांदमारी आहे. तिथं नेमबाजी शिकवणारे उस्ताद रामप्रसाद यांनी तिची रायफल झीरो करून दिलेली, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागावी अशी जुळवून. निवडीच्या दिवशी सकाळी ही बाई शंभर मीटरवर हात साफ करायला बसली. गोळ्या सगळ्या एकमेकींना चिकटून लागल्या, पण काळ्या ठिपक्याच्या पाच बोटं वर. झालं! हिला वाटलं, उस्ताद चुकले. आता विचारायला तोंड नव्हतं का? पण नाही. नळीच्या टोकाला नेम धरायची माशी असते, ती हिनं कोयत्याची मूठ ठोकावी तशी स्वतःच फिरवली. पुढची गोळी ठिपक्याच्या मधोमध लागली आणि स्वारी खूश झाली.

मग तीनशेवर गेली. पहिली गोळी निशाणाखालच्या मातीत. दुसरीही मातीत, तिसरीही. दुपारी निवड, आणि माशी आधी कुठं होती ते काही केल्या आठवेना.

रडवेली होऊन तिनं उस्तादांना सगळं सांगितलं. एरवी डोंगर हलेल असा आवाज लावणारा माणूस, पण त्या वेळी त्यांनी नुसती झीरोची वही काढली. तीत बघून माशी पुन्हा जागेवर आणली. मग वाटेत शंभरवर आणि दोनशेवर कोरे कागद टांगले, नेमाची रेषा कागदाच्या खालच्या कडेला घासून जाईल असे. तीनशेवरच्या ठिपक्यावर नेम धरून एकच गोळी झाड म्हणाले. तिनं झाडली आणि दोघं चालत निघाले.

पहिल्या कागदावर भोक कडेच्या पाच बोटं वर. दुसऱ्यावर त्याहून थोडं वर. आणि तीनशेवर थेट ठिपक्यात. वर्षाराणीनं भोकात करंगळी घातली, मागं वळून रिकाम्या हवेकडं बघितलं. अंगावर सरसरून काटा आला.

"उस्ताद, गोळी सरळ जात न्हाई?"

"सुटली की धरती तिला वढायला लागती, पोरी. म्हणून नळीचं तोंड कणभर वर ठिवायचं. जवळ वर लागली, तरच लांब बरोबर लागती."

आवाजाच्या पुढं पळणारी गोळी, आणि तिलाही धरती सोडत नाही! आईच्या डोक्यावरची उसाची मोळी जिनं जन्मभर खाली ओढली, तीच ही ओढ. सुटल्या क्षणापासून गोळी चढते, वळते, उतरते, आणि कुणाला दिसतही नाही. वर्षाराणीला त्या रिकाम्या हवेला हात जोडावेसे वाटले.

दुपारी ती आडवी झाली तेव्हा बोटं माशीकडं जायला शिवशिवत होती. तिनं ती आवरली, उस्तादांनी लावलेल्या रायफलीवर भरवसा ठेवला आणि घोडा ओढला. सगळ्या गोळ्या ठिपक्यात लागल्या. संघात तिचं नाव आलं.

संध्याकाळी तिनं बापाला फोन लावला. शहादेव तिकडं परजिल्ह्यात फडावर होता. त्यानं पहिलं हेच विचारलं, हत्यार आपल्या हाताला लावून घेतलं होतंस ना.

"न्हाई नाना. उस्तादांनी दिलं तसंच घेतलं," ती म्हणाली, आणि मग गोळीचं सगळं सांगत सुटली. सगळं ऐकून शहादेवनं विचारलं,

"आपल्या मोळीला वढती, तीच का ती?"

"तीच, नाना."

"आन् तरी तितकं लांब पोचली," बाप म्हणाला, आणि फडावरच्या माणसांना लेकीचं नाव सांगायला वळला.