पोह्यांच्या डब्याचं झाकण

मांडणीवरच्या पोह्यांच्या डब्याचं झाकण आत्ता थरथरतंय, आणि मला इतका आनंद झालाय की मेथी निवडता निवडता मी देठ भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकतेय.

मांडणीमागची भिंत मुक्ताच्या खोलीची. सोळा वर्षांची माझी लेक. काळे कपडे, बंद दार आणि घसा फाडून मरणाची गाणी म्हणणारे तिचे गायक. गाणं लागलं की त्या धडधडीनं हे झाकण वाजायचं. कटकट नको म्हणून मी त्यावर खलबत्ता ठेवून दिला होता.

मग आठवडाभर भिंत गप्प झाली. मुक्ता नीट जेवेना, बोलेना, गाणीही लावेना. त्या किंचाळण्याला मी कधी घाबरले नसेन एवढी या शांततेला घाबरले. काल खलबत्ता उचलून खाली ठेवला आणि येता-जाता झाकणाकडे बघत राहिले.

आज ते वाजलं. काळोखातली गाणी ऐकणाऱ्या पोरीला निदान तिथे कुणाची तरी सोबत असते, हे मला इतकी वर्षं कसं सुचलं नाही?

मुक्ता पाणी प्यायला बाहेर आली. मांडणीपाशी थबकली.

"आई, हे ड्रमबरोबर वाजतंय."

"रोजच वाजायचं. मीच दाबून ठेवलं होतं."

ती खोलीत गेली, दार उघडंच ठेवलं आणि आवाज वाढवला.

आता साखरेचा डबाही वाजतोय.