चाकवतावरचे फुगे

बाजारातून चाकवताची जुडी आणली ती मी गड जिंकल्याच्या थाटात. बायकोनं निवडायला घेतली आणि एक पान वेगळं काढलं. "अहो, हे धोतऱ्याचं दिसतंय. घरादाराला वेड लावाल!" अख्खी जुडी कचऱ्याच्या डब्याकडे निघाली. माझा ताकातला चाकवत माझ्या डोळ्यांदेखत मरायला टेकला.

"थांब गं आई," म्हणत आमची वनस्पतिशास्त्र शिकणारी लेक मुक्ता आपलं सूक्ष्मदर्शक घेऊन आली. आधी तिनं साधं चाकवताचं पान ठेवलं. मी डोळा लावला आणि आत पडता पडता वाचलो. हिरव्या मैदानात जत्रा भरलेली! काचेचे गोल फुगे एकमेकांना खेटून उभे, एकेकात आमचं सगळं गणगोत मावेल एवढे.

"बाबा, चाकवतावर पांढरी भुकटी असते ना, ती हीच."

मग संशयित पान. तिथं फुगा औषधालाही नाही. तुरळक टोकदार केस, दाढी टाळणाऱ्या मामासारखे. धोतराच!

लांबून दोन्ही पानं हिरवीच. आपण रंग बघतो, आकार बघतो आणि ओळख पटली म्हणतो. पान मात्र आपली खूण अंगावर घेऊन बसलेलं असतं, कुणी इतकं जवळ येईल म्हणून. माणसांच्या तरी इतकं जवळ कुठं जातो आपण?

"आता एकेक पान बघायचं," बायकोचा हुकूम सुटला. दुपारचं जेवण चहाच्या वेळी झालं. पहिल्याच घासाला फुगे फटाफट फुटलेले मी ऐकले, शप्पथ! बायको म्हणते, तो आवाज पोटातला होता.