अर्ध्यावर राहिलेला दंडवत

आमच्या भागातल्या देवावर, नाथबाबावर चिडूनच मी म्हसवडला त्याच्या देवळाकडं गेलो होतो. खोटं कशाला सांगू, दर्शनाची ओढ वगैरे काही नव्हती. राज्याच्या संघातलं माझं पहिलंच वर्ष, वेगवान गोलंदाज म्हणून नुकतं कुठं नाव निघायला लागलेलं, आणि कंबर दुखायला लागली. प्रशिक्षक म्हणाले, गोळी खा आणि चेंडू टाक. दोन सामने तसेच काढले. तिसऱ्या वेळी जरा थांबू का विचारलं, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "खेड्यातली पोरं लवकर लाडावतात." तेव्हा फिरलेलं डोकं अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही.

पुढचा सामना चार दिवसांवर होता. त्यात टाकलं नाही तर जागा गेलीच. घरी आलो तर आई म्हणाली, "आरं, निवड झाली तर तू दंडवत घालशील म्हणून मी नाथाला नवस बोललीया. ते राहिलंय, म्हणून कंबर धरलीया."

"म्हणजे देव पण त्या प्रशिक्षकाच्याच बाजूचा!" मी ओरडलो, आणि तसाच निघालो.

माणगंगा नदीपासून सुरुवात केली. पालथं पडायचं, हात लांब करून पुढं रेघ मारायची, उठून रेघेवर उभं राहायचं, पुन्हा पालथं. प्रत्येक रेघेला नाथाला एक टोमणा हाणत होतो. देवळाचा दरवाजा दिसायला लागला आणि छाती वर उचलताना अशी कळ आली की उठताच येईना. भररस्त्यात धुळीत पडून मी संतापानं रडलो. "घे, पाड मला एकदाचा!" असं मोठ्यानं म्हणालो, लोक बघत होते तरी.

मागून बायकोसोबत दर्शनाला चाललेले एक गृहस्थ थांबले. वडूजकडचे, लष्करी दवाखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला सावलीला नेलं. "वर उठतानाच दुखतंय व्हय रं? फुडं वाकताना न्हाई?" मी मान हलवली. त्यांनी एका पायावर उभं करून मागं झुकायला लावलं. डाव्या पायावर झुकलो आणि किंचाळलो.

"गड्या, हाडाला चीर आसंल. भरती झालेली अशी पोरं लय बघितली. तपासल्याबिगर एक चेंडू टाकू नगंस."

"दंडवत पुरा करतो, मग जातो."

"नाथ काय पळून चाललाय व्हय? उठ!"

सांगलीत तपासणी झाली. चीर निघाली. आणखी एक सामना टाकला असता तर पुन्हा गोलंदाजी विसरा, असं डॉक्टर म्हणाले. पाच महिने सक्तीची विश्रांती. माझ्या जागी आलेल्या पोरानं पहिल्याच डावात पाच गडी बाद केले. कमरेला पट्टा बांधून मी ते फोनवर बघितलं आणि फोन भिंतीवर मारला. कृतज्ञता वगैरे मला लगेच सुचली नाही, हे कबूल करतो.

ती फार हळू आली. उभ्यानं मी गोळ्या गिळून कितीही दुखणं दाबलं असतं, त्या दिवशी पालथा पडलो म्हणूनच थांबलो. त्या टोमण्यानंतर स्वतःहून थांबणं मला जमलंच नसतं, ते मला कुणीतरी करायला लावलं. परवा पहिल्यांदा सहा चेंडू टाकले. कंबर गप्प राहिली. संघात जागा मिळेल की नाही, ठाऊक नाही. प्रशिक्षकांवरचा राग गेलेला नाही, जाईल असंही वाटत नाही. पण आता तो घेऊन मी नाथापुढं बसतो आणि मनसोक्त भांडतो. एवढा वेळ माझं दुसरं कुणी ऐकून घेतलेलं नाही.