मापांच्या वहीतल्या दोन काळ्या

कात्रीबाईचं दुकान म्हणजे तिच्या घराचीच पुढची खोली. दोन मशिनं, एक इस्त्री, माप द्यायला कोपऱ्यात पडदा, आणि त्या पडद्याला एक भोक, जे ती गेली अकरा वर्षं उद्या शिवणार आहे. कात्री हे नाव आपल्याला हातातल्या हत्यारावरून पडलं, अशी तिची समजूत. गल्लीचं मत वेगळं आहे.

पन्नाशी उलटल्यावर या बाईला वाचनाचं वेड लागलं. समोरच्या वाचनालयात एक नवी बाई नोकरीला आली होती, पस्तिशीची, मोजकं बोलणारी. कपडे शिवायला टाकताना ती एक पुस्तक दुकानात विसरली. बाईच्या जातीला कुणी कसं दाबून ठेवलं, याबद्दलचं होतं. इस्त्री तापेपर्यंत चाळू म्हणून कात्रीबाईने ते उघडलं आणि शाळेतल्या सरांची पँट जाळली.

तेव्हापासून घरात कुणाची धडगत राहिली नाही. पेन्सिल हाताशी नसायची, म्हणून ती कापडावरच्या खडूने ओळींना खुणा करायची. लाल खडू नवऱ्यासाठी, निळा जावेसाठी, पिवळा सासूसाठी. सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण म्हणून काय सोडून द्यायचं? नवरा जेवायला बसला की ताटाशेजारी लाल पान उघडं. तो मुकाट वाचायचा आणि मुकाट स्वतःचं ताट उचलायचा. पुढे वाचनालयातली बाई तिला कातडीच्या रंगावरून माणसांची प्रतवारी कशी लावतात, त्यावरची पुस्तकं द्यायला लागली. तीही रंगून परत गेली. एका पुस्तकात तर निळा खडूच संपला, इतकी जाऊ दोषी निघाली. वाचनालयातली बाई पानं झटकून पुस्तक जमा करून घ्यायची.

दहा महिन्यांनी तिने कात्रीबाईला वाचकांच्या बैठकीत बोलायला बोलावलं. रविवारी, पाच वाजता. आजवर सगळ्यांनी तिला गप्प बसायला सांगितलं होतं. बोल म्हणणारं हे पहिलंच माणूस. तिने सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, आणि त्या बाईचा कोट रविवारच्या आत द्यायचं कबूल केलं.

शुक्रवारी दुपारी ट्रायल झाली. एक बाही लागली होती, ती मनगटाच्या चांगली दोन इंच वर थांबली. कात्रीबाईच्या तोंडात पाच टाचण्या होत्या आणि दोन्ही हातांत कापड. माप वहीतलंच आहे, चूक असेल तर तुझ्या हाताची, अशा अर्थाने तिने भुवईने वही दाखवली.

ती वही कात्रीबाईने शिकाऊ असल्यापासून चालवलेली. नावं विसरतात, खुणा विसरत नाहीत, असं तिला मास्तरांनी शिकवलं होतं. म्हणून पानावर वर खूण आणि खाली मापं. वाचनालयातल्या बाईचा धंदाच नेमकं पान काढण्याचा; ती वही चाळायला लागली. लठ्ठ, कोपऱ्यावरची. नवऱ्याने टाकलेली. बारीक डोळ्यांची. मग काळी एक. पान उलटलं, काळी दोन.

"बाही वीस, बाही बावीस," तिने पुस्तकांची यादी वाचावी तसं वाचलं. "ताई, माझा हात बावीसचा. ही बाही पहिलीची आहे. मी दुसरी काळी."

टाचण्या तोंडातून एकेक काढाव्या लागतात. तेवढ्यात तिने कोट खुंटीला लावला होता. जाताना पायरीवरून म्हणाली, रविवारी वेळेवर या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कात्रीबाईने नवऱ्याला ऐकवलं: नुसती ओळखीची खूण आहे, त्यात वाईट काय, तीनशे बायका कुणाच्या लक्षात राहतात. नवऱ्याने चष्मा पुसला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पुरुषांना काय लिहितेस गं?"

ती खेकसणार होती, पण आधी वही उघडली. बँकेतले साहेब. शाळेतले सर. इलेक्ट्रिकवाले भाऊ. या भाऊंची कंबर तिने दोन वर्षांत तीनदा सैल केली होती, तरी वहीत ते लठ्ठ नव्हते. वाचनालयातल्या बाईपेक्षा दोन छटा काळे होते, तरी काळे नव्हते. उजळ बायकांच्या पानांवर पूर्ण नाव, पुढे काकू नाहीतर मॅडम. गोरी असं कुठेच नव्हतं. तिने पुढून मागे आणि मागून पुढे शोधलं. नवऱ्याने लाल खडू आणून वहीवर ठेवला आणि ताट घासायला गेला.

रविवारी ती अर्धा तास आधीच वाचनालयात पोचली. खांद्यावर तोच अर्धवट कोट, बगलेत वही. आज पुस्तकाबद्दल बोलणारच नाही, म्हणाली. ही वही वाचणार आणि सगळ्यांसमोर कान पकडणार. रात्रभर तिला त्या बोलण्यावर डोळे पुसणाऱ्या बायका दिसत होत्या.

वाचनालयातली बाई खुर्च्या मांडत होती. "कोपऱ्यावरची पहिल्या रांगेत बसते," ती म्हणाली. "टाकलेली तिच्या शेजारी. त्यांना ते परत ऐकवायचं आणि टाळ्या तुम्ही घ्यायच्या?"

या वेळी तोंडात टाचण्या नव्हत्या. कात्रीबाईने वही खुर्चीवर पालथी ठेवली. मग तिने, दहा महिन्यांत पहिल्यांदा, नाव विचारलं. बाईने खण उघडून सभासदाचं एक कार्ड पुढे केलं. त्यावर कात्रीबाईचं खरं नाव होतं, वडिलांनी ठेवलेलं, आणि खाली व्यवसाय: शिवणकाम, स्वतःचं दुकान.

"हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं," ती म्हणाली. "माझं सांगेन. आधी बाही बसू दे."

बैठकीत कात्रीबाई उभी राहिली. माझ्या वहीतली सगळी मापं चुकली आहेत, उद्यापासून एकेकीने येऊन नव्याने द्यावीत, नाव आणि काम सांगावं, एवढं बोलून खाली बसली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. कोपऱ्यावरची म्हणाली, म्हातारी झाली बिचारी, हात चालेना आता.

बायका आल्या. जिला टाकलेली लिहिलं होतं ती बाई चष्म्याच्या काचा घासते, आणि नवऱ्याला तिनेच सोडलं होतं. काळी एक लहान मुलांना पोहायला शिकवते, तेही समोरच्याच तलावात, चौदा वर्षं. कात्रीबाई विचारायची, लिहायची, आणि मधेच कान लाल झाले की उगाच सुईत दोरा ओवायची. जुन्या वहीचे तिने पॅटर्नचे कागद केले.

गुरुवारी कोट झाला. बाही मनगटावर नेमकी टेकली. वाचनालयातल्या बाईने हात वर करून पाहिला, खाली सोडला, पुन्हा वर केला. जरा जास्तच वेळ लावला. मग नाव सांगितलं.

कात्रीबाईने ते नव्या वहीत सावकाश लिहिलं, आणि वही फिरवून तिच्यापुढे धरली. बरोबर आहे का बघ म्हणाली.